‘बाळ’ नको, ‘बाई’ म्हणा: ज्येष्ठांना सांभाळणाऱ्यांसाठी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की म्हाताऱ्या माणसांना बघणाऱ्या मावश्या, मामा, केअरटेकर मुली यांना कुणी काही शिकवतच नाही, सगळे म्हणतात सेवा मनातनं यावी लागते. मला हे पटत नाही. मी २६ वर्षं वॉर्डात काढली, आता आठ वर्षं झाली या मुलींचे वर्ग घेते, आणि मन असूनही माणसाला इजा करणारे हात मी पाहिलेत, आणि आधी नुसत्या पगारासाठी आलेल्या पोरी सहा महिन्यात इतक्या सुंदर काम करायला लागलेल्याही पाहिल्यात. शिकवलं की येतं. तर त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, सहा निवडलेत.

प्रश्न: आमच्या सासूबाई ८१ वर्षांच्या, रिटायर्ड शिक्षिका, आम्ही राजारामपुरीत राहतो. खुब्याचं हाड मोडल्यापासून एक बाई ठेवलीय. बाई खूप मायाळू आहे, सासूबाईंना ‘आमचं बाळ’ म्हणते, ‘शहाणं बाळ, आता मम्मं करूया’ असं बोलून भरवते. पण सासूबाई तिच्यावर इतक्या चिडतात की परवा ताटच ढकलून दिलं. बाई रडत बसली. आम्ही कुणाला समजावायचं?

बाईला समजवा, पण रागावू नका, कारण तिची माया खरी आहे. आपण लहान लेकरांना जसं बोलतो तसंच म्हाताऱ्यांना बोलायची सवय सगळ्यांनाच असते, नर्सना असते, डॉक्टरांना असते, लेकी-सुनांनाही असते. पण विचार करा, ज्या बाईंनी आयुष्यभर वर्गात नुसतं बघितलं तरी चाळीस पोरं गप्प व्हायची त्यांच्या तोंडापुढं कुणीतरी चमचा धरून मम्मं म्हणतंय. त्यांचं हाड मोडलंय, बुद्धी शाबूत आहे. आणि बुद्धी शाबूत नसली तरी मान-अपमान कळतोच, अमेरिकेतल्या नर्सिंग होममधे, म्हणजे तिथल्या वृद्धाश्रमात, कर्मचारी आणि डिमेन्शियाच्या (विसरण्याच्या आजाराच्या) पेशंटची बोलणी व्हिडिओवर घेऊन अभ्यास केला होता, २००९ साली छापून आला, त्यात हेच दिसलं की बाळबोलीत बोललं की पेशंट जास्त विरोध करतात, हात झटकतात, ओरडतात, आणि साध्या मोठ्या माणसासारखं बोललं की कमी.

आता बदलायचं काय ते सांगते. पहिलं, हाक. सासूबाईंना शाळेत सगळे काय म्हणायचे? ‘बाई’ म्हणत असणार. मग त्यांना बाईच म्हणायचं. दुसरं, ते ‘करूया’ सोडायचं. ‘चला आपण गोळी घेऊया’ म्हणतो आपण, पण गोळी घेणार फक्त त्याच असतात ना. त्यापेक्षा ‘बाई, दुपारची गोळी आणलीय, पाणी कोमट देऊ का साधं?’ असं विचारा. दोन गोष्टीतली एक निवडायला द्यायची, आधी भाकरी का भात, पांढरी साडी का निळी. अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या हातात दिवसभरात ठरवण्यासारखं काही उरलेलं नसतं, पंखा कितीवर ठेवायचा हेसुद्धा दुसरंच कुणीतरी ठरवतं, म्हणून असलं छोटं काहीतरी त्यांच्या हातात राहू द्या. आणि भरवणं तर बंदच करा, हात चालतात ना त्यांचे? ताट जवळ सरकवा, खोलगट वाटी द्या, मांडीवर नॅपकिन टाका, सांडलं तर सांडू दे.

तिसरं म्हणजे आवाज. सांभाळणारी बाई ओरडून बोलते का बघा. वयामुळं ऐकू कमी येतं तेव्हा आधी बारीक, उंच आवाज जातात, स, श, फ, थ असली अक्षरं नीट कळत नाहीत, आणि ओरडलं की आपला आवाज आणखी उंच होतो, म्हणजे उलटंच. समोर बसायचं, स्टूल घेऊन, डोळ्याला डोळा येईल एवढ्या उंचीवर, उजेड आपल्या तोंडावर पडेल असं, टीव्ही बंद करून, आणि आवाज थोडा खाली आणून सावकाश बोलायचं. कानातलं मशीन असेल तर सकाळी सेल बघायचा, निम्म्या घरात मशीन कानात असतं आणि सेल संपलेला असतो.

आणि एक, तुम्ही घरातले त्या बाईला काय म्हणता? पत्रात तिचं नाव कुठंच आलं नाही म्हणून विचारते. तिलाही नावानं हाक मारा, सासूबाईंनाही तिचं नाव सांगा, कुठल्या गावची, मुलं किती, सगळं. शिक्षिकेला समोरच्या माणसाची हजेरी घेतल्याशिवाय करमत नाही.

प्रश्न: मी २२ वर्षांची आहे, जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स करून कोल्हापुरात एका वृद्धाश्रमात लागलेय. बीपी बघणं, बेड करणं, स्पंज देणं सगळं शिकवलंय. पण इथं एक आजोबा आहेत, विसरण्याचा आजार आहे, अंघोळीला नेलं की मारायला उठतात. मॅडम म्हणतात ९ च्या आत दहा अंघोळी उरकायच्या, म्हणून दोघंतिघं धरून घालतो. रात्री मला तेच आठवत राहतं. काय करू?

तुझं पत्र वाचून मला गंगावेशीकडचे एक आण्णा आठवले. जुने पैलवान. तालमीत वाढलेले, खासबागेत कुस्त्या केलेले, आता पंच्याऐंशीच्या पुढं, बायकोलाही कधी ओळखायचे कधी नाही. त्यांना बघायला ठेवलेला मुलगा रोज सकाळी सातला मागनं येऊन बनियन ओढून काढायचा आणि थंडगार बाथरूममधे पहिला तांब्या डोक्यावर. आण्णा त्याला असा धरायचे की पोरगं भिंतीवर. घरच्यांनी दोघं धरायला ठेवले, तर आण्णांनी दोघांना लोळवलं. सगळे म्हणाले वेड लागलंय, झोपेच्या गोळ्या वाढवा.

मी गेले तेव्हा पहिल्या दिवशी काहीच केलं नाही, नुसती बघत बसले. आणि मग डोक्यात आलं की अरे, मागनं कुणीतरी धरलं की सुटायचं हे या माणसाच्या अंगात साठ वर्षं मुरलंय. त्याला आज वार आठवत नाही पण पकड सोडवणं त्याच्या हाडाला माहिती आहे. आपण त्याला पकडतोय आणि तो कुस्ती खेळतोय, यात वेड कुठं आहे?

मग बदललं ते असं. अंघोळ सकाळी सातला नाही, दुपारी चारला, ऊन असताना. आधी खोलीतच खुर्चीवर बसवून तेल. पैलवानाला मर्दन माहिती असतं, त्या मुलानं खाली बसून पायापासून तेल लावायला सुरवात केली, पोटरी, मांडी, मग पाठ, आणि ‘वस्ताद, पाठ इकडं करा’ म्हणायचं, आण्णा म्हणायचं नाही. पाच मिनिटात आण्णांनी स्वतःच हात पुढं केला, दंड चोळायला. मग बाथरूममधे स्टूल, गरम पाणी आधीच बादलीत, खांद्यावर एक टॉवेल, मांडीवर एक टॉवेल, उघडं कुणाला करायचं नाही. आणि तांब्या त्यांच्या हातात. पाणी पहिल्यांदा पायावर, मग गुडघ्यावर, डोकं सगळ्यात शेवटी नाहीतर त्या दिवशी नाहीच. त्यांनी स्वतः तांब्या भरून पायावर घेतला आणि दुसरा त्या मुलाच्या पायावर ओतला.

तुझे आजोबा पैलवान नसतील. पण ते कोण होते हे तुला माहिती आहे का? फाईलमधे शुगर असते, बीपी असतं, माणूस काय करत होता, अंघोळ कधी करायचा, नदीवर का नळावर, गरम का गार, हे नसतं. घरचं कुणी भेटायला आलं की दहा मिनिटं बसून विचारून घे आणि एका कागदावर लिहून पलंगाजवळ लाव.

बाकी कामाच्या गोष्टी सांगते. हात उगारला की एक हातभर मागं सरायचं, हात धरायचा नाही, ‘बरं, नंतर बघू’ म्हणून निघून जायचं, पंधरा-वीस मिनिटांनी परत यायचं, जमलं तर दुसऱ्या कुणीतरी यायचं. खांदा, गुडघा दुखतो का बघ, डिमेन्शियातला माणूस ‘दुखतंय’ म्हणत नाही, तो मारतो, आणि कपडे काढताना हात वर केला की दुखणाऱ्या खांद्याची कळ मस्तकात जाते, हे डॉक्टरांच्या कानावर घाल. अर्ध्या अंगानं लुळं असेल तर घालताना लुळा हात आधी, काढताना चांगला हात आधी. आणि रोज पूर्ण अंघोळ झालीच पाहिजे असं वैद्यकशास्त्र म्हणत नाही, काखा, जांघा, पाय, तोंड रोज स्वच्छ पुसलं आणि आठवड्यातनं दोन-तीनदा नीट अंघोळ झाली तर कातडीला पुरतं, उलट म्हातारी कातडी रोजच्या साबणानं सुकते, खाजते.

मॅडमना वाद घालून सांगू नको, घड्याळ लावून दाखव. तिघांनी धरून घातलेल्या अंघोळीला तीन माणसांची वीस-वीस मिनिटं जातात, वर ओरखडे, वर सगळी खोली अस्वस्थ. एकटीनं तीस मिनिटात केलीस तर आश्रमाचाच वेळ वाचतो. दहातल्या तीन अंघोळी दुपारी ढकला म्हण. बहुतेक मॅडम ऐकतात, त्यांनाही ओरखडे नको असतात.

प्रश्न: मी पुण्यात असतो, वडील कोल्हापुरात, वय ७८. दोन दिवस झाले काहीतरीच बोलतायत, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतात, रात्रभर जागे. बघणारी मावशी म्हणते वय झालं, वात झालाय, होईल कमी. परवापर्यंत पेपर वाचत होते. मी शनिवारी येणार आहे.

शनिवारची वाट बघू नका. तुम्हाला मी फोनवर हे सांगितलंय, पण इतरांसाठी छापतेय.

परवापर्यंत पेपर वाचणारा माणूस दोन दिवसात भलतं बोलायला लागला तर ते म्हातारपण नाही आणि डिमेन्शियाही नाही, डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी येतो. याला डेलिरियम म्हणतात आणि याच्यामागं बहुतेक वेळा शरीरातलं काहीतरी असतं, लघवीचं इन्फेक्शन, न्यूमोनिया, पाणी कमी पडणं, रक्तातलं सोडियम उतरणं, चार दिवस संडास न होणं, लघवी तुंबणं, नवीन सुरू झालेली झोपेची किंवा सर्दीची गोळी, नाहीतर आठवड्यापूर्वी पडून डोक्याला लागलेलं आणि कुणी सांगितलेलंच नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्यायची. तोंड एका बाजूला वाकडं, हात उचलत नाही, बोलणं जड झालं असं अचानक दिसलं तर १०८ लावायचा, तिथं तासाचा हिशोब असतो.

म्हाताऱ्यांना ताप येईलच असं नाही, जळजळ होते म्हणतीलच असं नाही, पहिली खूण कधीकधी नुसती बडबड असते. आणि कधीकधी तीही नसते, माणूस गप्प होऊन नुसता झोपून राहतो आणि घरचे म्हणतात बरं झालं शांत झाले, हा प्रकार तर जास्त फसवतो. मावशीला मी एकच वाक्य पाठ करायला सांगते, ‘कालपेक्षा आज वेगळं दिसतंय.’ तिनं आजाराचं नाव सांगायची गरज नाही, एवढं वाक्य फोनवर म्हणायचं आणि ते म्हटल्याबद्दल तिला कुणी ‘तुला काय कळतंय’ असं म्हणायचं नाही. वडिलांना चोवीस तास तीच बघते, आधी तिलाच दिसणार.

प्रश्न: शिवाजी पेठेत राहतो. आमची आज्जी ८६. आजोबा शाहू मिलमधे होते, १९९८ ला वारले. रोज संध्याकाळी आज्जी दारात जाऊन बसते, ‘भोंगा झाला, हे आले नाहीत अजून’ म्हणते. सांभाळणारी ताई दर वेळी सांगते की आजोबा वारले, मग आज्जी दर वेळी नव्यानं रडते. मी म्हणतो येतील म्हणून सांग, ताई म्हणते मी खोटं बोलणार नाही. बरोबर कोण?

ताईचा खरेपणा मला आवडला, पण रोज संध्याकाळी एका बाईला नव्यानं विधवा करायचं, हे नको. तुमचं ‘येतील’ही नको, कारण मग ती रात्री अकरापर्यंत दारातनं उठणार नाही.

आज्जी खरं काय म्हणतेय ते ऐका. दिवस कलायला लागला की डिमेन्शियाच्या बऱ्याच माणसांची घालमेल वाढते, त्यात तिच्या आयुष्यात चाळीसेक वर्षं या वेळेला एक ठरलेलं काम होतं, मिल सुटायची, माणूस घरी यायचं, चहा टाकायचा. शाहू मिल १९०६ साली राजर्षी शाहूंनी काढली आणि २००३ ला बंद पडली, पण आमच्या पिढीपर्यंत भोंग्यावरच घड्याळं लावायची, तो आज्जीच्या कानात अजून वाजतोय. तिला काळजी लागलीय आणि हात रिकामे आहेत, एवढंच.

ताईला असं बोलायला सांगा, ‘आज्जी, आजोबांची वाट बघताय होय? कुठल्या खात्यात होते ते? चहा कसा लागायचा त्यांना, गुळाचा का साखरेचा?’ यात खोटं एक अक्षर नाही. आणि मग खरंच आत घेऊन जायचं, आलं कुटायला द्यायचं, कपबश्या पुसायला द्यायच्या, दोघींनी बसून चहा प्यायचा. साडेचारलाच घरातले दिवे लावा, अंधारून यायची वाट बघू नका, दुपारी तासाच्या वर झोपू देऊ नका. आणि एखाद्या दिवशी आज्जीनं शांतपणे, डोळ्यात बघून विचारलं की ‘गेले का रे ते?’ तर तेव्हा हो म्हणायचं, हात धरून बसायचं. त्या दिवशी तिला खरंच माहिती करून घ्यायचं असतं, तो सूर वेगळा असतो, ताईला कळेल.

हा प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही. वयस्कांच्या तब्येतीची देशभर पाहणी करणाऱ्या लासी सर्वेवरून काढलेला अंदाज आहे की साठीच्या पुढच्या शंभरातल्या साधारण सात जणांना डिमेन्शिया आहे, ७.४ टक्के. म्हणजे पेठेतल्या प्रत्येक गल्लीत कुणीतरी दारात बसलेलं असणार.

प्रश्न: आमचा छोटा वृद्धाश्रम आहे, शहराबाहेर. २४ आजी-आजोबा, ८ कर्मचारी, बहुतेक जवळच्या गावातल्या बायका, शिक्षण चौथी ते दहावी. ट्रेनिंगला पाठवायला पैसे नाहीत, सुट्टी देणं परवडत नाही. आठवड्याला दोन तास काढू शकतो. कुठून सुरवात करू?

दोन तास भरपूर झाले, फक्त फळा आणि वही नको. कोर्स आहेत, जनरल ड्युटी असिस्टंट आहे, घरी जाऊन पेशंट बघणाऱ्यांसाठी होम हेल्थ एड आहे, दिल्लीची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सोशल डिफेन्स ही सरकारी संस्था ज्येष्ठांच्या काळजीचे कोर्स चालवते, जमेल तेव्हा एक-दोघींना जरूर पाठवा. पण तोपर्यंत थांबू नका.

पहिले दोन तास मी असे घेते. एकीच्या चपलेत मूठभर हरभरे टाकायचे, तेच सांध्यांचं दुखणं. कानात कापूस. जुन्या चष्म्याच्या काचेला व्हॅसलीन चोळायचं, तो मोतीबिंदू. हातात दोन-दोन मोजे. आणि मग तिला सांगायचं, या स्ट्रिपमधनं गोळी काढ, ब्लाउजची हुकं लाव, आणि संडासपर्यंत जाऊन ये, पटपट. मागनं दुसरीनं म्हणायचं, ‘चला आज्जी, लवकर, किती वेळ!’ पहिल्यांदा सगळ्या हसतात. मग ती बाई गोळी खाली पाडते, वाकता येत नाही, आणि हसणं थांबतं. एकदा एक मावशी मोजे काढून म्हणाली, ‘मी काल म्हातारीला याच्यावरनं लई बोलले.’ पुढं कुणी काही बोललंच नाही बराच वेळ.

दुसरा खेळ भरवण्याचा. एकीनं बसायचं, दुसरीनं उभं राहून न बोलता दहीभात भराभर भरवायचा. चौथ्या घासाला बसलेली हात आडवा करते. मग शिकवायचं कसं ते, पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, अर्धा चमचा, गिळलेलं दिसल्याशिवाय पुढचा नाही, आपण बसून, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. खोकला आला, आवाज घोगरा-पाणीदार झाला तर थांबायचं आणि सांगायचं. छातीत घास गेला की न्यूमोनिया होतो आणि तो म्हाताऱ्याला घेऊन जातो.

तिसऱ्या वेळी कातडी. जो उठू शकत नाही त्याची कूस दर दोन तासांनी बदलायची, पलंगाजवळ कागद, कागदावर वेळ आणि कुठली कूस, जिला लिहिता येत नाही तिनं डावी-उजवी बाण काढायचा. एअर बेड आहे म्हणून कूस बदलायची नाही असं चालत नाही. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे रोज बघायचे. लाल दिसलं तर बोटानं दाबायचं, दाबल्यावर पांढरं होत नसेल तर बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरवात झाली. पण पुस्तकातलं हे ‘लाल’ गोऱ्या कातडीचं आहे, आपल्या सावळ्या कातडीवर ते काळपट-जांभळट दिसतं किंवा दिसतच नाही, म्हणून हाताच्या मागच्या बाजूनं चाचपायचं, शेजारपेक्षा गरम लागतंय का, घट्ट लागतंय का. तिथं चोळायचं नाही, रबरी गोल ट्यूब ठेवायची नाही, त्यानं कडेचा रक्तपुरवठा आणखी तुटतो.

उठवणं-बसवणं चौथ्या आठवड्याला ठेवा, त्याला प्रत्यक्ष दाखवणारी एखादी फिजिओथेरपिस्ट मुलगी बोलवा, एक दिवस फुकट येणाऱ्या भेटतात. तोपर्यंत एवढंच, काखेत हात घालून ओढायचं नाही, आणि झोपेतनं उठल्यावर पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून दोन मिनिटं बसवल्याशिवाय उभं करायचं नाही, बीपी उतरून पडतात.

ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा म्हणतो की प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी निदान १५० जणांची सोय होणारा वृद्धाश्रम असावा. पलंगांचा आकडा तरी कायद्यात आला, त्या पलंगाशेजारी उभ्या राहणाऱ्या बाईला काय काय यायला पाहिजे हेही तितक्याच ठळकपणे लिहिलं जावं असं मला फार वाटतं. तुमच्या आठजणींना तुम्ही शिकवायला निघालात याचा आनंद झाला, पहिल्या वर्गाला मला बोलवा, मी येईन. आणि एल्डरलाइनचा, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर १४५६७ दाराशी मोठ्या अक्षरात लावा, टोल फ्री आहे, सकाळी ८ ते रात्री ८, आजी-आजोबांना कुणाबद्दलही काही सांगायचं असेल तर सांगता यावं. तुमच्याबद्दलसुद्धा.

प्रश्न: आई सांगत्येय, मी टाईप करते. ‘मी अकरा वर्षं पेशंट बघत्ये. आता आहे तिथं चोवीस तासाची ड्युटी हाय. म्हातारी रात्रीत सात-आठ वेळा लघवीला उठती. दोन महिने झाले सलग झोप नाही. परवा रात्री मी तिचा दंड जोरात दाबला, वळ उठला. तिनं काय म्हटलं नाही, नुसती माझ्याकडं बघितली. मी वाईट बाई झाले का?’

मावशी, आधी एक काम आजच्या आज करायचं. घरच्यांना सांगायचं की वळ माझ्या हातानं उठलाय. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तो वाढू शकतो, म्हणून डॉक्टरांनी बघायला पाहिजे. कामावरनं काढतील ही भीती मला कळते, पण लपवलेला वळ तुम्हाला आणखी जागं ठेवेल. आणि आज्जीलाही म्हणायचं, ‘आज्जी, परवा माझ्याकडनं चुकलं.’ तिला समजेल न समजेल, म्हणायचं.

आता तुमचं. तुमच्या जागी मी असते तरी दोन महिन्यात माझाही हात तसाच पडला असता. वॉर्डात आम्हाला आठ तासांची पाळी होती, घरी जायला मिळायचं, तरी नाईटच्या पाचव्या दिवशी आम्ही एकमेकींवर खेकसायचो. चोवीस तास एक माणूस जागा राहू शकत नाही, हे घरच्यांना कुणीतरी स्पष्ट सांगायला पाहिजे, आणि तुम्हाला सांगायला जड जात असेल तर हे पान त्यांच्यापुढं ठेवा: रात्री सलग सहा तास तुमची झोप ठरलेली, त्या वेळात घरातलं दुसरं कुणीतरी किंवा रात्रीची वेगळी बाई, आठवड्याला एक पूर्ण सुट्टी, झोपायला दारातली चटई नाही तर अंथरूण. हे मागणं जास्त नाही.

आणि सात-आठ वेळा लघवी हे आपण आहे तसं सोडून द्यायचं नाही. लघवीची तपासणी करून घ्या, शुगर बघा. पाणी काढायची गोळी संध्याकाळी देताय का? ती सकाळी देता येईल का हे डॉक्टरांना विचारा. पाच वाजल्यानंतर चहा बंद. पायावर सूज असेल तर दुपारीच दोन तास पाय उशीवर वर ठेवा, म्हणजे ते पाणी दिवसा निघून जातं, नाहीतर रात्री आडवं झाल्यावर निघतं. कमोडची खुर्ची पलंगाला लावून ठेवा, बारीक दिवा चालू ठेवा. सातच्या चार झाल्या तरी तुमचा डोळा लागेल.

पुन्हा तसा राग डोक्यात गेला तर आज्जी पडणार नाही असं नीट बसवायचं, आणि दाराबाहेर जाऊन दोन मिनिटं उभं राहायचं, गार पाणी तोंडावर मारायचं, मग आत यायचं. घरातल्या कुणालातरी हाक मारून उठवायचं, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

मुलीनं टाईप करून पाठवलं म्हणून माझ्यापर्यंत आलं, तिला म्हणावं माझा नंबर आहेच, पुढच्या रविवारी आईला फोनवर दे. आज्जीचा दंड कसा आहे तेही सांगा.